घरगुती स्वच्छतेचे उपाय: काय चालते, कोठे चालते आणि कोठे चालत नाही

करवीरकन्या

नमस्कार. गेली चार वर्षे आमच्या मंगळवार पेठेतील घरात मी फिनेल, ॲसिड आणि ब्लीच यांचा वापर शक्य तेवढा कमी करण्याचा प्रयत्न करीत आहे. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते. काही बाबतींत मी चुकले असण्याचीही शक्यता आहे, म्हणून जाणकारांनी दुरुस्त्या अवश्य सुचवाव्यात.

याची सुरुवात एका अपघाताने झाली. दिवाळीच्या साफसफाईत मी संडासाच्या भांड्यात बाजारातील ॲसिडयुक्त क्लीनर ओतला, आणि डाग निघेनात म्हणून थोड्या वेळाने त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली. क्षणात घशाला झोंबणारा उग्र वास सुटला. मी दार उघडे टाकून बाहेर पळाले, परंतु शेजारच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंना दम्याचा त्रास असल्याने त्यांची अवस्था फार बिकट झाली आणि ती रात्र त्यांना दवाखान्यात प्राणवायूवर काढावी लागली. डॉक्टरांनी सांगितले की संडासाच्या क्लीनरमधील हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावरही बेतू शकतो. घरात या वस्तू वर्षानुवर्षे असूनही आम्हां कोणालाच हे ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाटलीमागचा मजकूर वाचू लागले आणि त्याबरोबरच, आजी घर कशाने स्वच्छ करीत असे, तेही आठवू लागले.

सर्वांत आधी रिठा घेतला. लक्ष्मीपुरीत किराणा मालाच्या घाऊक दुकानांत तो सहज मिळतो. पंधरा ते वीस रिठे फोडून बिया काढून टाकते, टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवते आणि सकाळी मंद आचेवर वीस मिनिटे उकळते. कोमट झाल्यावर हाताने चांगले कुस्करून जुन्या सुती कापडातून गाळते. हे तपकिरी पाणी भांडी, फरशी, रेशमी व लोकरी कपडे आणि गाडीची काच या सर्वांसाठी वापरते. बाजारच्या साबणासारखा डोंगराएवढा फेस त्याला येत नाही, त्यामुळे सुरुवातीला भांडी निघालीच नाहीत असे वाटत राहते. प्रत्यक्षात तेलकटपणा निघालेला असतो. बाहेर ठेवल्यास हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून मी आठवड्यापुरतेच करते आणि फ्रीजमध्ये ठेवते. एक काळजी मात्र घ्यावी: रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, त्यामुळे ते फवारणीच्या बाटलीत भरून मुलांच्या हाती देऊ नये.

तांब्या-पितळेसाठी चिंच आणि मीठ यांना माझ्या मते तोड नाही. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. आदल्या रात्री चिंचेचा कोळ आणि जाडे मीठ लावून ठेवले आणि सकाळी नारळाच्या काथ्याने घासले की बंब लखलखतो. वापरून झालेल्या लिंबाच्या फोडीही मी यासाठी साठवून ठेवते. बंबाच्या राखेने लोखंडी कढई आणि स्टीलची पातेली उत्तम निघतात. आदल्या दिवशी तांबडा रस्सा केलेल्या पातेल्यावर जो तेलाचा कट चिकटून बसतो, तो राख शिंपडून दहा मिनिटे ठेवल्यावर अर्ध्या श्रमात सुटतो. मात्र त्या दिवशी बंबात केवळ लाकूड किंवा शेणी जाळलेल्या असतील तरच ती राख भांड्यांना घ्यावी. प्लॅस्टिक, रंगवलेले लाकूड किंवा छापील पुठ्ठा जाळलेला असल्यास घेऊ नये.

तिसरी वस्तू म्हणजे फळांच्या सालींपासून केलेले, ज्याला हल्ली सर्वजण बायोएन्झाइम म्हणतात ते द्रावण. प्रमाण एक, तीन आणि दहा: शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम संत्री-मोसंबी-लिंबाच्या साली आणि एक लिटर पाणी. कोल्हापुरात राहून गुळासाठी दूर जाण्याची गरज नाही, आणि यासाठी पिवळाधमक गूळ मुळीच नको. काळपट, स्वस्त गूळ किंवा काकवी अधिक चांगली. सर्व मिश्रण प्लॅस्टिकच्या बरणीत भरावे आणि वरचा एक चतुर्थांश भाग रिकामा ठेवावा. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू बाहेर जाऊ द्यावा आणि एकूण तीन महिने बरणी सावलीत ठेवावी. हे विसरल्यास काय होते, ते आमच्या माळ्यावरच्या काचेच्या बरणीने दाखवून दिले. बरणी फुटली आणि काचा खोलीभर उडाल्या, सुदैवाने तेव्हा तेथे कोणी नव्हते. म्हणून काचेची बरणी वापरूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. तयार झालेले द्रावण गाळून, बादलीभर पाण्यात दोन-तीन झाकणे घालून मी फरशी पुसते.

आता माझे दोन प्रश्न. पहिला: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जो जोरदार फेस येतो, त्याने सिंक व मोरी स्वच्छ होते असे सगळीकडे सांगितले जाते, मी अनेकदा करून पाहिले, पण फेस ओसरल्यावर चिकटपणा होता तसाच राहिलेला दिसला. माझे काय चुकते? दुसरा: परसातील शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरातील कडाप्प्याचा ओटा मी वर्षभर बायोएन्झाइम आणि लिंबाने पुसत आहे, दोन्हींची चकाकी जाऊन पांढुरके डाग पडले आहेत. याचे कारण कोणी सांगू शकेल का?

राधानगरी रोड

ताई, फार उपयुक्त धागा काढलात. आमच्या गावाकडच्या अनुभवातून थोडी भर घालतो. आमच्या घरी गोबर गॅसला संडास जोडलेला आहे, आणि आपल्या जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत. फिनेल किंवा ॲसिड संडासात ओतले की ते थेट टाकीत जाते आणि गॅस तयार करणारे जिवाणू मरतात. आमच्याकडे एकदा लग्नघाईत दोन दिवस सढळ हाताने फिनेल वापरले गेले आणि पुढचे तीन आठवडे शेगडी धड पेटली नाही. सेप्टिक टँकचेही तेच आहे, कारण तेथेही मैला कुजवण्याचे काम जिवाणूच करतात. आम्ही आता संडासासाठी ब्रश आणि साधा साबण वापरतो, पंधरवड्यातून एकदा रात्री लिंबूसत्त्वाचे पाणी टाकून ठेवतो, आणि एवढे पुरते.

राखेबद्दल आपण लिहिले ते योग्य आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाची चिपाडे जळतात, तेथील राख चाळून घेतल्यास भांड्यांसाठी फार मऊ मिळते. हंगामात जवळच्या गुऱ्हाळावर विचारल्यास कोणीही देईल. परंतु ज्या गुऱ्हाळात चिपाडाबरोबर अन्य काही जाळले जाते तेथून घेऊ नये.

सामू सात

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत होते. करवीरकन्या यांच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पदार्थ आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सामूच्या मोजपट्टीवर ठरते. शुद्ध पाण्याचा सामू सात. त्याखाली आम्ले, त्यावर अल्क. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच, बाजारातील व्हिनेगरचा साधारण अडीच, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सव्वाआठच्या आसपास आणि धुण्याच्या सोड्याचा अकराच्या आसपास असतो. राखेत मुख्यतः पोटॅशियमचे व कॅल्शियमचे कार्बोनेट असते, म्हणून राखेचे पाणीही चांगलेच अल्कधर्मी असते. घरातील मळही ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. तेल, तूप आणि स्वयंपाकाची चिकट वाफ यांवर अल्क चालतात, कारण गरम अल्क तेलाच्या काही भागाचा साबणच बनवून टाकतात. करवीरकन्या यांच्या पातेल्यावर राख ठेवल्यानंतर नेमके हेच घडते. याउलट नळाच्या तोंडाशी, गीझरच्या नळीत आणि न्हाणीघराच्या टाइल्सवर बसणारा पांढरा क्षार, तांब्यावरची काळपट पुटे आणि लोखंडाचा गंज यांवर आम्ले चालतात. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. मिठामुळे तांब्यावरील पुट विरघळण्यास आणखी मदत होते.

आता सोडा आणि व्हिनेगर. एक अल्क आहे, दुसरे आम्ल. एकत्र आले की दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व सोडियम ॲसिटेट उरते. फेस म्हणजे केवळ निसटणारा वायू. त्या बुडबुड्यांनी एखादा सैल कण हलेल, पण तेल सोडवण्याची सोड्याची शक्ती आणि क्षार विरघळवण्याची व्हिनेगरची शक्ती या दोन्ही तेथेच संपलेल्या असतात. आपले काहीही चुकलेले नाही. ती कृतीच निरुपयोगी आहे. मोरी तेलाने तुंबली असेल तर धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे टाकून वरून कडकडीत पाणी ओतावे. क्षार साचले असतील तर केवळ व्हिनेगर. दोन्ही लागणार असतील तर एक वापरून, भरपूर पाण्याने धुऊन, मग दुसरे.

दुसरा प्रश्न ऐकून मला वाईट वाटले, कारण ते नुकसान भरून येणे कठीण आहे. शहाबादी आणि कडाप्पा हे दोन्ही चुनखडक आहेत, म्हणजे मूलतः कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवरही तेच. आम्ल पडले की दगडाचा पृष्ठभाग विरघळतो आणि तेथे चकाकी जाऊन पांढुरका डाग उरतो. क्षार काढणारे आम्ल दगडालाही क्षारच समजते. सिमेंटच्या जुन्या मोझेक फरशीलाही हा धोका आहे. ग्रॅनाइट आणि भाजलेल्या सिरॅमिक टाइल्स पुष्कळ सहनशील असतात, तरी टाइल्समधील सांधे सिमेंटचे असल्यास तेथे आम्ल साचू देऊ नये. आपल्या बायोएन्झाइममध्ये प्रत्यक्षात काम करणारा मोठा भाग आंबण्यातून आलेल्या ॲसेटिक आणि लॅक्टिक आम्लांचा असतो: साखरेचे यीस्टमुळे मद्यार्क होते आणि मद्यार्काचे पुढे ॲसेटिक आम्ल. त्याचा सामू साधारण तीन ते चारच्या दरम्यान येतो. त्यामुळे ते टाइल्सवर चालेल, शहाबादीवर नाही. आपल्या दगडांसाठी रिठ्याचे कोमट पाणी पुरेसे आहे. पडलेले डाग घासून काढणारा कारागीर पॉलिश करून देऊ शकेल.

रिठ्याविषयीही एक गोष्ट सांगते, कारण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे समीकरण मला पटत नाही. रिठ्यातील सॅपोनिन हा घटक पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्याचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढले जाते, आणि म्हणून तेल सुटते. हीच सॅपोनिन माशांना विषारी असतात. ओढ्याच्या डबक्यात अशा वनस्पती टाकून मासे गुंगवण्याची पद्धत अनेक भागांत पूर्वापार आहे. घरातल्या वापरानंतर पुष्कळ पाण्यात मिसळून ती लवकर विघटित होतात, म्हणून रोजच्या वापरात चिंता नाही, पण रिठ्याचा उकळलेला चोथा घराच्या हौदात किंवा तळ्याकाठी टाकू नये, झाडाच्या बुंध्याशी टाकावा.

आणि एक छोटी सूचना: ॲल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा किंवा राख लावून ठेवू नये, ती काळी पडतात. कल्हई केलेल्या पितळेच्या आतल्या बाजूस चिंच-मीठ नको, कल्हई झिजते. लोखंडी तव्याला आम्ल लावल्यास त्यावर जमलेला तेलाचा थर निघून गंज धरतो.

मोरेवाडी

फारच स्पष्ट उत्तर, बाई. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. गीझरमधून पाणी बारीक येऊ लागले आहे आणि साबणालाही फेस येत नाही. या पाण्यात रिठा चालेल का?

सामू सात

चालेल, आणि साबणापेक्षा बरा चालेल. कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी एकत्र येऊन न विरघळणारा पांढरा गाळ बनवतात. बादलीच्या कडेला बसणारी चिकट रेघ ती हीच. रिठ्याला हा त्रास तितका होत नाही. धुण्यासाठी साबणच वापरायचा असेल तर बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा, कॅल्शियम त्याच्याशी बांधला जातो आणि साबण वाया जात नाही. रेशीम व लोकर यांना मात्र सोडा नको.

गीझरच्या नळ्यांसाठी लिंबूसत्त्व एक लिटर पाण्यात तीन-चार चमचे, हे प्रमाण पुरते. नळाची जाळी काढून त्यात रात्रभर बुडवावी. गीझरच्या टाकीच्या आतील कामासाठी वीजजोडणी तोडून, माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे. चांदीचा मुलामा किंवा सोनेरी रंग दिलेल्या नळांना आम्ल लावून ठेवू नये.

कुंभार गल्ली

या चर्चेत एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण आम्ही शाहूपुरीत राहतो आणि २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वर्षी पुराचे पाणी आमच्या घरात शिरले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की आम्ही सामान वर चढवायला लागतो, आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की जयंती नाल्याचे पाणी मागे फिरून गल्लीत येते. ते नुसते नदीचे पाणी नसते, शहराचे सांडपाणी त्यात मिसळलेले असते.

२०१९ मध्ये पाणी उतरल्यावर आमच्या घरात गुडघाभर गाळ होता. त्या वेळी आमच्या शेजारी, अतिशय सद्भावनेने, कडुनिंबाची पाने उकळून त्याच्या पाण्याने भिंती व फरशी पुसण्याचा आग्रह धरणारे होते. रसायने घरात नकोत असे त्यांचे मत होते. त्यांनी ब्लीचिंग पावडर घेतलीच नाही. पुढे त्यांच्या घरी दोघांना जुलाबाचा त्रास झाला. ते पाण्यामुळे की घरामुळे, हे मी सांगू शकत नाही, परंतु तेव्हापासून मी या विषयात कोणतीही तडजोड करीत नाही.

आम्ही जे केले ते असे. गमबूट आणि रबरी हातमोजे घालून प्रथम गाळ फावड्याने बाहेर काढला. मग साबणाच्या पाण्याने भिंती चार-पाच फुटांपर्यंत आणि सर्व फरशी घासून धुतली, कारण गाळ शिल्लक असताना ब्लीचिंग पावडर टाकल्यास तिचा क्लोरीन गाळातच खर्च होतो. त्यानंतर ताज्या ब्लीचिंग पावडरचे, एक लिटर पाण्यात साधारण तीस ग्रॅम, असे द्रावण करून, वरचे निवळलेले पाणी फरशीवर व भिंतींवर लावले, दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, अर्धा तास थांबलो आणि साध्या पाण्याने धुऊन काढले. पावडर जुनी आणि ओलसर असेल तर तिचा उपयोग होत नाही, तिचा उग्र वास कायम आहे ना, ते आधी पाहावे. लोखंडी कपाट आणि रंगीत कपड्यांपासून हे द्रावण लांब ठेवावे. त्या दिवशी घरात ॲसिडची बाटली आणूच नये. करवीरकन्या यांनी सांगितलेला अपघात पुरानंतरच्या घाईत फार सहज घडू शकतो.

आता पूर नसताना आमच्या घरी रिठा आणि लिंबूसत्त्वच वापरतात. पण घरात कोणाला जुलाब, कावीळ झाली असेल, मैला सांडला असेल, किंवा कच्च्या मटणाचे रक्त ओट्यावर पडले असेल, तेव्हा स्वच्छ करणे आणि जंतू मारणे ही दोन वेगळी कामे आहेत असे समजून वागावे.

करवीरकन्या

आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मूळ धाग्यात मी ही मर्यादा लिहायलाच हवी होती. लिंबू, व्हिनेगर आणि बायोएन्झाइम यांनी जंतू मरतात असा समज मी स्वतः अनेक महिने बाळगून होते, आणि सासूबाईंच्या आजारपणात त्यांच्या बेडपॅनलाही मी तेच वापरत होते.

हुपरीकर

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून चांदीचे काम चालते. कारखान्यात शेवटचा हात आजही पुष्कळदा रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने दिला जातो, म्हणून येथे लिहावेसे वाटले. घरातली चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या वायूमुळे, त्यातून चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचे पुट चढते. दात घासण्याची पेस्ट किंवा राख लावून चांदी घासल्यास चमक येते खरी, परंतु दरवेळी थोडी चांदी झिजून जाते आणि बारीक ओरखडे पडतात. साध्या काळवटलेल्या पैंजणांसाठी रिठ्याचे कोमट पाणी पुरते. अधिक काळे असेल तर एका भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर दागिना ठेवावा आणि गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते ओतावे. पुटातील गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी पुन्हा चांदी होते, झिजत नाही. ज्या दागिन्यांच्या नक्षीत मुद्दाम काळेपणा ठेवलेला असतो त्यांना हे करू नये, ती नक्षी उजाड होते. खडे जडवलेले आणि आत लाख भरलेले दागिने गरम पाण्यात कधीही घालू नयेत, लाख मऊ होऊन मणी सैल होतात.

नवी आई

माझ्या बाळाला दोन महिने झाले आहेत. आईने त्याची दुपटी कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवली आहेत. वासाने डोके दुखते. यावर काही नैसर्गिक पर्याय आहे का? तसेच हळदीचे डाग दुपट्यांवर पडले आहेत, साबण लावला तर ते लाल होतात.

पाळणाघर

मी लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे, म्हणून आधी डांबराच्या गोळ्यांबद्दल सांगते. ती दुपटी आजच कपाटातून काढून कडक उन्हात पसरा, मग दोनदा धुऊन पुन्हा उन्हात वाळवा आणि तोपर्यंत बाळाला त्यांत गुंडाळू नका. जुन्या प्रकारच्या गोळ्यांमध्ये नॅफ्थलीन असते. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू लागतात, आणि त्यातून गंभीर कावीळ होते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक आईवडिलांना माहीतच नसते, म्हणून कोणत्याही तान्ह्या बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवू नयेत. बाळ पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा दूध ओढेनासे झाले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

कापूर हा पर्याय म्हणून सुचवला जातो, परंतु कापराचा लहानसा तुकडा गिळला तरी मुलांना झटके येऊ शकतात, त्यामुळे तो हाती लागेल असा ठेवू नये. दुपटी पूर्ण वाळवून, सावलीत सुकवलेल्या कडुनिंबाच्या पानांची किंवा वेखंडाच्या तुकड्यांची सुती पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, बाळाच्या कपड्यांना प्रत्यक्ष न लागेल अशी ठेवावी. वेखंडही चघळायला देऊ नये. खरे तर दुपटी रोज वापरात आणि उन्हात फिरत राहिली तर कीड लागायला वेळच मिळत नाही.

सामू सात

हळदीच्या डागाचा प्रश्न सोपा आहे. हळदीतील कुरकुमिन हे अल्काचा स्पर्श होताच तांबडे होते. साबण अल्कधर्मी असल्याने दुपटे लाल दिसते. दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुतल्यावर ते पुन्हा पिवळ्यावर येते, आणि उन्हात वाळत घातल्यावर एक-दोन दिवसांत पार विरून जाते, कारण कुरकुमिन सूर्यप्रकाशात टिकत नाही. ब्लीच वापरण्याची गरज पडत नाही, तान्ह्या बाळाच्या कपड्यांना तर नकोच.

राधानगरी रोड

झुरळांसाठी टंकणखार आणि साखर समप्रमाणात मिसळून ठेवावी, असे सर्वजण सांगतात. टंकणखारही विषारीच आहे. आमच्या घरी लहान मुले आणि मांजर आहेत, म्हणून आम्ही तो सिंकच्या मागे, हात पोहोचणार नाही अशा फटीतच ठेवतो. गवती चहाच्या तेलाचा फवारा मांजराच्या आसपास करू नये, अशा उग्र तेलांमुळे मांजरांना बाधा होते.

करवीरकन्या

सर्वांच्या सूचनांनंतर आमच्या घरात मी केलेले बदल येथे नोंदवते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यास मूळ धाग्यातील चुकांवर विसंबून राहावे लागणार नाही.

कडाप्प्याचा ओटा आणि परसातील शहाबादी यांना आता केवळ रिठ्याचे कोमट पाणी लागते. डाग गेलेले नाहीत, परंतु गेल्या दीड महिन्यात नवा एकही पडला नाही. बायोएन्झाइम मी न्हाणीघराच्या टाइल्स, सिंक आणि वॉशबेसिन यांच्यापुरते ठेवले आहे, आणि बरणीवर मोठ्या अक्षरांत "दगडावर नको" अशी चिठ्ठी लावली आहे, कारण घरकामास येणाऱ्या मावशींना हे तोंडी सांगून लक्षात राहावे अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणे बंद केले; धुण्याचा सोडा मोरीसाठी, लिंबूसत्त्व नळांसाठी, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. गीझरच्या नळाची जाळी रात्रभर भिजवल्यावर सकाळी पांढरा थर ब्रशच्या एका फटक्यात निघाला, मोरेवाडी यांनी अवश्य करून पाहावे.

ब्लीचिंग पावडर मात्र आता पुन्हा घरात आहे. ती पत्र्याच्या डब्यात नव्हे, कारण तो गंजतो, तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, न्हाणीघरापासून लांब, गच्चीकडच्या खोलीत ठेवली आहे, आणि संडासासाठीचे ॲसिड घरात आणणे पूर्ण बंद केले आहे. एका घरात दोन्ही राहू नयेत हा आमच्या घरचा नियम आहे.

नवी आई, दुपट्यांचा वास गेला का, आणि बाळ कसे आहे, ते सवडीने कळवावे.

नवी आई

सर्व दुपटी धुऊन तीन दिवस गच्चीवर वाळवली. वास गेला, हळदीचे डागही जवळजवळ गेले. बाळाला डॉक्टरांना दाखवून आणले, ते व्यवस्थित आहे. आईने उरलेल्या गोळ्या काढून टाकल्या आहेत, आणि आजीच्या पेटीतल्या शालूंमध्येही त्याच गोळ्या असल्याने ती पेटीही आम्ही उद्या उघडणार आहोत.